शंभरातल्या साठ

१९ ऑगस्ट २०१२

सागाला पान उरलेलं नाही. चार दिवस आईकडे कारध्याला होते, आज सकाळी बीटवर, माझ्या राखणीच्या जंगलात परतले. रोपवनात शिरले आणि वर पाहिलं तर आभाळ दिसलं. ऑगस्टमध्ये सागाखालून आभाळ दिसत नसतं.

मोठ्या शिरा तेवढ्या शिल्लक, मधलं सगळं खाल्लेलं. गप्प उभं राहिलं की आवाज येतो – बारीक पावसासारखा. पाऊस नव्हता. अळ्यांच्या लेंड्या पडत होत्या. टोपीवर, खांद्यावर, वहीवर.

खुशाल म्हणाला, "मॅडम, छत्री आणाची होती."

खुशाल आमचा वनमजूर. पंचवीस वर्षं या जंगलात आहे. अशी अळी चारदा पाहिली म्हणतो. "खाते अन् जाते."

कशानं जाते, विचारलं.

"तिले खाणारे बी हायेत न."


२० ऑगस्ट

रेंजर साहेबांचा फोन. फवारणी करायची. औषध साकोलीला येऊन पडलंय, दहा दिवसांत पंप येतील. मी म्हटलं, नाल्यापलीकडे कोसा आहे. ते म्हणाले, "मला साग वाचवायचा आहे."

नाला वीस पावलं रुंद. अलीकडे आमचा साग, पलीकडे ऐनाचं जंगल. ऐनावर टोल्यावरचे, छोट्या वस्तीतले, ढिवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळतात. बारा घरं. वर्षाचं मुख्य पीक आता लागणार. वारा पश्चिमेचा – औषध सरळ त्यांच्या झाडांवर जाईल. अळीचं औषध आपली अळी आणि परकी अळी ओळखत नाही.


२१ ऑगस्ट

साकोलीला जाऊन साहेबांना भेटले. प्रशिक्षणात शिकवलं होतं तेच सांगितलं – अळीवर माशी अंडं घालते, माशीचं पोर अळीच्या पोटात वाढतं, अळी मरते. थांबलो तर जंगल स्वतः निस्तरेल.

"गजभियेबाई, वर काय लिहू? माशी येणार आहे, वाट पाहतोय?"

मी म्हटलं, आकडा देते.

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शंभरातल्या साठ अळ्या माशीनं मेलेल्या दाखवा. सप्टेंबर संपायच्या आत. फवारणी रद्द. एकोणसाठ असल्या तर पंप."

साठ कुठून काढलं, देव जाणे. पण साठ तर साठ.


२२ ऑगस्ट

शंभर अळ्या गोळा केल्या. पन्नास आतल्या भागातून, पन्नास नाल्याच्या काठावरून. बिस्किटाच्या वीस बरण्या, एकेकीत पाच. तोंडाला जुन्या धोतराचं फडकं. प्रत्येकीवर चिठ्ठी.

खायला सागाचं पान हवं आणि आमच्या सागाला पान नाही. रस्त्याकडेच्या झाडांचं आणावं लागेल. सायकलनं जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, रोज.


२४ ऑगस्ट

पान आणलं. बरण्या साफ केल्या.


२५ ऑगस्ट

पान आणलं.


२८ ऑगस्ट

ढिवरांनी ऐनावर कोशाच्या अळ्या चढवल्या. नाल्यापलीकडे तेजराम दिघोरे दिसले, टोल्याचे प्रमुख. साठीचे, सडसडीत. आता चाळीस दिवस त्यांचं व्रत. घरी जायचं नाही, खाटेवर निजायचं नाही, दाढी नाही, तेल-कंगवा नाही. ढिवर असून चाळीस दिवस मासोळी नाही. ऐनाभोवती गवताची दोरी बांधली आहे. दोरीच्या आत फक्त व्रतातले पुरुष. बाईनं आत पाय टाकायचा नाही, पाळी असलेल्या बाईनं दोरीच्या जवळसुद्धा जायचं नाही. सावली पडली तरी अळी गळते म्हणे.

खुशालला विचारलं, तुझा विश्वास आहे का. "मॅडम, मी आपला बाहेरूनच जातो."

आमच्या घरी हे काही नव्हतं. आजोबांनी छप्पन्न सालीच सगळं नाल्यात सोडलं होतं. पण इथे मी सरकारी बाई आहे. दोरी ओलांडली नाही.


२ सप्टेंबर

पहिली मोजणी. शंभरातल्या सत्तावीस.

सत्तावीस अळ्या वाळून काळ्या पडल्या. काहींच्या अंगावर बारीक गांधीलमाशीचे पांढरे कोश. बहुतेकांतून माशीची पांढरी अळी बाहेर आली आणि तासाभरात तिचा कडक तांबडा दाणा झाला. धानाच्या दाण्याएवढा. बाकीच्या त्र्याहत्तर अळ्या धडधाकट. पतंग होऊन पुन्हा सागावर बसायला तयार.

सत्तावीस. अजून तेहेतीस हवेत.


३ सप्टेंबर

चिठ्ठ्या पाहिल्या. आतल्या पन्नासात एकोणीस मेल्या. नाल्याकाठच्या पन्नासात आठ. साहेबांची जीप नाल्याच्या रस्त्यानं येते. तपासायला आले की ते नमुना काठावरूनच घेणार.

काठावर कमी का? नाल्याकडे गेले. तेजरामकाका दोरीच्या आत उभे, हातात लांब बांबू. बांबूच्या टोकाला वडाचा चीक उकळून केलेला लासा. त्याला माश्या, गांधीलमाश्या, हिरवे किडे चिकटून वळवळत होते.

"काय करता, काका?"

"राखण करून राहिलो जी. पाखरू असन त गुलेल, माशी असन त लासा."

"या माश्या माझ्या सागाची अळी मारतात."

"अन् माही बी मारते." बांबू दगडावर पुसला त्यांनी. "तुमच्या घरची राखणदार, माह्या घरची चोट्टी."

मी फवारणीचं सांगितलं. साठाचं सांगितलं. काठावर लासा थोडे दिवस बंद ठेवता का, विचारलं.

"फवारा आला त सारंच जाईन," म्हणाले. "काठावर नाही फिरवत लासा. तुमच्या भरोश्यावर बरं का बाई."


५ सप्टेंबर

रुपा. तेजरामकाकांची सून, माहेर तुमसरचं. रोज डोक्यावर शिधा घेऊन चौकीसमोरून जाते, दोरीच्या दगडावर ठेवते, परत येते. आज थांबली, बरण्या बघत बसली.

"तुमी त हॉस्टेलच उघडलं जी अळ्यांचं."

दहावीपर्यंत शिकली आहे. सगळं नीट विचारलं – कोणती अळी, कोणती माशी, दाणा कशाचा. मी तिला म्हटलं, तुमच्या कोशाच्या अळ्या तर याहून कितीतरी मोठ्या, बोटाएवढ्या.

"सहा वर्स झाले लग्नाले. अजून एक पाहिली नाही." हसली. "सूत पाहिलं, साडी पाहिली. जिची कमाई खातो ते नाही पाहिली."

एका बरणीतल्या दाण्याचं टोक उचकलं. माशी बाहेर आली, भिंतीवर बसून पंख वाळवत राहिली. राखाडी, घरमाशीहून थोडी मोठी. फडकं उघडून तिला काठावर सोडून यावं, असं डोक्यात आलं. मग वाटलं, एक का?


६ सप्टेंबर

खुशाल आणि मी सागाखालचा पाचोळा खरवडला. दाणे मातीत आहेत. अळीतून निघालेलं माशीचं पोर खाली पडतं आणि मातीत दाणा होतो. आतल्या भागात ओंजळीनं सापडले. पण निम्मी माती, निम्मा कचरा.

रुपानं पाहिलं. "असं वेचत बसाल त दिवाळी येईन." घरून सूप आणलं. पाखडायला बसली. सूप एकदा वर, एकदा तिरकं, आणि कचरा पुढे, दाणे मागे. पतंगाचे कोश मोठे, ते वेगळे. माती खाली. तांबडे दाणे सुपाच्या कडेला एका रेषेत.

"धान काय, माशी काय," म्हणाली. "सुपाले का करायचं आहे."


१० सप्टेंबर

चार दिवसांत दोन हजारांवर दाणे. मोजून चार टोपल्यांत भरले, वर ओला पाला. टोपल्या नाल्याच्या काठावर झाडांना टांगल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून दोराला राख चोळली.

दुसरी मोजणी, नव्यानं गोळा केलेल्या शंभरांची – चव्वेचाळीस.

पाय सुजले आहेत. पान आणलं.


११ सप्टेंबर

टोपल्यांतून माश्या निघू लागल्या. काठावर ऊन पडलं की सागाच्या शिरांवर बसलेल्या दिसतात. खुशाल म्हणतो, मॅडमची पलटण.


१४ सप्टेंबर

साहेबांना आज फोन केला – उद्या या, नमुना घ्या. ते म्हणाले, उद्या मीटिंग. चार दिवसांनी येतो. बरं झालं. पलटणीला चार दिवस मिळाले.


१८ सप्टेंबर

साहेब आले. अपेक्षेप्रमाणे जीप काठावर थांबली. शंभर अळ्या त्यांनी स्वतः निवडल्या, आणि निवडताना गुबगुबीत शोधल्या. बरण्यांच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर कागद, कागदावर सही.

"तुम्ही फक्त पान घालायचं. फडक्याच्या कोपऱ्यातून. सही तुटली तर नमुना बाद."

जाताना त्यांनी टोपल्यांकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. "हुशार आहात," म्हणाले. ते कौतुक होतं की संशय, कळलं नाही. मला दोन्ही चालेल.


२१ सप्टेंबर

ताप. पान खुशालनं आणलं.


२३ सप्टेंबर

सतरा मेल्या. बरणीबाहेरून दिसतं तेवढं.


२६ सप्टेंबर

छत्तीस, अडतीस. नीट दिसत नाही. सही तोडायची नाही.


२९ सप्टेंबर

साहेबांनी सह्या तपासल्या. मग चौकीच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून एकेक बरणी उलटी केली. त्यांनी मोजलं, मी लिहिलं. खुशाल भिंतीला टेकून उभा. रुपा शिधा घेऊन रस्त्यातच थांबलेली.

अठरा बरण्या झाल्या तेव्हा छप्पन्न. एकोणिसावीत तीन. शेवटची उलटी केली – चार.

त्रेसष्ट.

साहेबांनी पुन्हा मोजलं. मग खिशातून पेन काढून तिथेच लिहिलं – फवारणीची आवश्यकता नाही.

रुपा पळत नाल्याकडे गेली. दोरीपासून लांब उभी राहून ओरडली, "मामाजी! रद्द!" थोड्या वेळानं झाडीतून तेजरामकाका दिसले. दोन्ही हात जोडून. माझ्याकडे तोंड करून.

आज पान आणायचं नाही. सायकल पुसून ठेवली.


७ ऑक्टोबर

सागाला नवी पालवी. खालून आभाळ कमी दिसतं.

ऐनावर कोसे बांधायला सुरुवात झाली म्हणे. या वर्षी भरघोस.


१३ ऑक्टोबर

रुपा दोन दिवस दिसली नाही. खुशालकडून कळलं.

कोसे उतरवले. पहिल्या दिवशी सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ढिगातून अळ्या निघायला लागल्या – कोशाला भोक पाडून. पांढऱ्या, जाड. भोक पडलेल्या कोशाचा धागा सलग निघत नाही, तो कोसा गेला. शंभरात बावन्न फुटले.

टोल्यावर लगेच ठरलं – कोणीतरी बाट लावली, विटाळ केला. कोण? दोरीपर्यंत रोज कोण जायचं? गोदावरीबाईंनी, तेजरामकाकांच्या वहिनी त्या, स्वतः पाहिलं म्हणे, एके दिवशी रुपा दोरीच्या अगदी जवळ उभी होती आणि त्या दिवशी ती बाजूला बसायला हवी होती. परवा सभा. रुपाला तुमसरला धाडायचं आणि दिघोऱ्यांना पुढच्या पिकात झाडं द्यायची नाहीत, असं चाललंय.

मी खुशालला म्हटलं, टोल्यावरून फुटलेले चार कोसे घेऊन ये.


१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

कोशातून निघालेल्या अळीचा दाणा झाला. तांबडा. आमच्यापेक्षा थोडा मोठा, कारण खायला जास्त मिळालं. आकार तोच. मागच्या टोकाला दोन काळे ठिपके, तेच. भिंगातून तीनदा पाहिलं.

३ सप्टेंबरची नोंद काढून वाचली. "अन् माही बी मारते." त्यांनी सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं. आणि तीन दिवसांनी दाणे पाखडायला घेतले.

लासा मीच बंद करायला लावला. टोपल्या मीच टांगल्या. काठावर. त्यांच्या वाऱ्यात.


१४ ऑक्टोबर

साहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जंगलात माशी आधीपासून होती. तुमचीच कशावरून?"

तेही खरं. कोणती माशी कोणत्या टोपलीतली, कोणीच सांगू शकणार नाही.

"फाइल बंद झाली आहे. वर तुमचं नाव चांगल्या कारणानं गेलंय. उकरू नका."

आई फोनवर म्हणाली, "तू सांगशील त ते तुलेच धरतील." मग थोड्या वेळानं, "पण त्या पोरीले सोडू नोको."

सांगणार.


१५ ऑक्टोबर

सभा समाजमंदिरासमोर. पुरुष पुढे, बाया मागे. रुपा एका बाजूला, डोक्यावर पदर, कोणी शेजारी नाही. तिचा नवरा खाली बघत होता.

मी युनिफॉर्मवर गेले. थाळीत दोन ढीग – एक सागाच्या अळीतले दाणे, एक कोशातले. थाळी तेजरामकाकांसमोर ठेवली.

म्हटलं, ही माशी मी गोळा केली. मी पाखडली. मी नाल्याच्या काठावर सोडली, दोन हजार. फवारणी थांबवायला. तीच तुमच्या कोशात शिरली असणार. बाट कोणाची नाही. चूक माझी.

पाखडणं रुपाचं होतं. ते सांगितलं नाही.

गोदावरीबाई म्हणाल्या, "सरकारी बाई आहे. सरकारी बाई चूक कबूल करते का कवा? काहून करून राहिली, मले समजत नाही."

कोणीतरी हसलं. तेजरामकाका हसले नाहीत. दोन्ही ढिगांतला एकेक दाणा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला. नखानं दोन्ही फोडले. वास घेतला. मी भिंगातून पाहिलं होतं, त्यांनी बोटानं पाहिलं.

"एकच आहे," म्हणाले.

मग माझ्याकडे. "बाई, तुमच्यापायी अर्धं पीक राहिलं. तुमच्यापायीच अर्धं गेलं. आता तुमाले शिव्या देऊ का पाया पडू, तुमीच सांगा."

मी म्हटलं, शिव्या द्या.

"देईन. सवडीनं." थाळी उलटी करून दाणे जमिनीवर पाडले आणि टाचेनं चिरडले. सगळे. नीट, एकही सुटू न देता. "सुनेचं नाव कोणी काढाचं नाही. पुढच्या पिकाले लासा मी म्हणन तिथं फिरन, काठावर बी. अन् टोपल्या टांगाच्या आधी बाईनं मले विचाराचं."

विचारणार. नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर काठावर उभी राहून दोन्हीकडच्या अळ्या मोजणार आहे. साग किती, कोसा किती. दोन्ही आकडे एका पानावर. एकट्या साठ या आकड्याला काही अर्थ नाही, पलीकडे किती ते आधीच विचारायला हवं होतं.

येताना रुपाकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.


१७ ऑक्टोबर

सकाळी रुपा आली. पायरीवर बसली. हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी, माझ्यासाठी.

"ताई, तुमी सभेत खोटं बोलल्या."

मला वाटलं, पाखडण्याचं. म्हटलं, तेवढं चालतं.

"तुमी बोलल्या म्हणून मी वाचली. पण तुमाले तरी खरं सांगतो." इकडेतिकडे पाहिलं तिनं. "मी आत गेली होती. दोरीच्या आत. दुसरा दिवस होता माहा. मामाजी आंघोळीले गेले होते नाल्यावर. एकदा पहाचंच होतं. एक अळी हातावर घेतली. एवढी मोठी, हिरवीगार. थंड लागते हाताले." तळहाताकडे बघत राहिली. "बाट मीच लावली. अन् तुमी माशीवर ढकललं. जनमभर नाही विसरत."

मी म्हटलं, रुपा, मी खोटं बोलले नाही. माशीच होती.

"हो जी," ती म्हणाली. आजारी माणसाची समजूत काढावी तशी. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठली.